रस्ता पाहून वेग

मुंबईहून नाशिककडे जाणारा जुना मुंबई-आग्रा रस्ता ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून जातो. भिवंडी व पडघा मागे पडले, की वासिंद, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी ही गावे एकामागून एक लागतात. एका बाजूस माहुलीचे सुळके दिसू लागतात आणि कसाऱ्यापाशी रस्ता थळ घाटाची चढण चढू लागतो. शहापूरच्या दक्षिणेस मुरबाड तालुका आहे. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे या गावांवरून माळशेज घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो. हे दोन्ही रस्ते शेकडो वर्षे देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटवाटांच्या आधारानेच वाढले. पूर्वी त्यांवरून बैलांचे तांडे चालत. आज रात्रंदिवस मोटारी, एसटीच्या गाड्या आणि मालमोटारी धावतात.

चैत्रातील एखाद्या सकाळी माळशेजच्या रस्त्यावर उभे राहावे. आकाश निरभ्र असते, रस्ता कोरडा असतो आणि पुढचे वळण दूरवरून स्पष्ट दिसते. त्याच ठिकाणी आषाढातील सकाळी उभे राहावे. कड्यांवरून धबधबे कोसळत असतात, रस्त्यावरून पाणी वाहत असते आणि धुके इतके दाट असते, की पन्नास पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. रस्ता तोच, वळण तेच. परंतु चैत्रात जो वेग सुरक्षित होता, तो आषाढातही सुरक्षित असेल काय? नसेल, हे लहान मुलालाही समजते. मात्र रस्त्याच्या कडेला रोवलेल्या पाटीवरचा आकडा रंगाने लिहिलेला असतो. ऊन पडो वा पाऊस पडो, रस्ता रिकामा असो वा गजबजलेला असो, तो बदलत नाही. तो आकडा परिस्थितीप्रमाणे बदलता आला तर? या प्रश्नाचे उत्तर जगातील अनेक देशांनी शोधले आहे. त्या उत्तरास ‘बदलती वेगमर्यादा’ असे म्हणतात.

वाहनांच्या वेगाला कायद्याने मर्यादा घालण्याची कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये वाफेच्या बळावर चालणारी अवजड वाहने रस्त्यावर आली, तेव्हा १८६५ साली तेथील पार्लमेंटने एक कायदा केला. अशा वाहनाने गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैल यांहून अधिक वेगाने जाऊ नये, तसेच वाहनापुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालत जावे, असे त्यात सांगितले होते. आज या कायद्याचे हसू येते. तथापि त्यामागील विचार हसण्याजोगा नव्हता. रस्ता हा सर्वांचा आहे. त्यावर एकाच्या घाईमुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये, हा तो विचार होय. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार वेगमर्यादा ठरवली जाते. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशाप्रमाणे मोटारगाडीला द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर आणि दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. मालमोटारींसाठी या दोन्ही मार्गांवर ती ताशी ८० किलोमीटर आहे. रस्त्याचे स्वरूप व लोकांची सुरक्षितता लक्षात घेऊन राज्य सरकार ही मर्यादा कमी करू शकते.

आता वेग आणि धोका यांचे नाते गणिताच्या साहाय्याने पाहू. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २५ मीटर अंतर तोडते. समोर गाय आडवी आलेली चालकाने पाहिली, तरी डोळ्यांनी पाहणे, मनाने ठरवणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत निदान एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यानंतरही ती तत्काळ थांबत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तिला आणखी सुमारे ४५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० मीटर झाले. पावसात रस्ता भिजला आणि टायरची पकड निम्म्यावर आली, असे धरले, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट, म्हणजे ९० मीटर होते आणि एकूण अंतर ११५ मीटरांवर जाते. धुक्यामुळे चालकाला केवळ ५० मीटरांपर्यंतचेच दिसत असेल, तर ती गाय दिसण्याच्या क्षणीच अपघात अटळ ठरलेला असतो.

त्याच भिजलेल्या रस्त्यावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार पाहा. एका सेकंदात ती १५ मीटर जाते व ब्रेक लागल्यावर सुमारे ३२ मीटरांत थांबते. बेरीज ४७ मीटर होते. गाय वाचते आणि माणसेही वाचतात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. म्हणूनच वेगात केलेली थोडीशी कपातही मोठे रक्षण करते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी दहांमागे सुमारे सात मृत्यू अतिवेगाने वाहन चालवण्याशी निगडित असल्याची सरकारी नोंद आहे. हे आकडे वाचताना त्यांमागील घरे दिसली पाहिजेत.

हवा पाहून वेग बदलण्याचा एक उत्तम धडा महाराष्ट्राला रस्त्याने नव्हे, तर रेल्वेने दिला आहे. कोकण रेल्वेचा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याने, बोगद्यांतून व उंच पुलांवरून जातो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर एक गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवाशांचे प्राण गेले. या मार्गावर पावसाळ्यासाठी निराळे वेळापत्रक लागू होते. त्या काळात गाड्या मंद धावतात व प्रवासास अधिक वेळ लागतो. पाऊस मुसळधार असेल आणि समोरचे नीट दिसत नसेल, तर चालकाने गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यावी, असा आदेश असतो. मोठ्या पुलांवर वाऱ्याचा जोर मोजणारी यंत्रे बसवली आहेत. प्रवासी उशीर सोसतो, परंतु घरी पोहोचतो. रेल्वेचा चालक हा आदेश मोडीत नाही. रस्त्यावरील हजारो चालकांकडून असाच आदेश कसा पाळून घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

धुके आणि पाऊस यांच्याप्रमाणेच गर्दी हेही वेग कमी करण्याचे एक कारण आहे. पहिल्या दोन कारणांविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु गर्दीच्या वेळी वेग आणखी कमी करावा, असे म्हटले, की चालक कुरकुरतो. आधीच उशीर झालेला, त्यात वेगही कमी करायचा, मग पोहोचणार केव्हा, असे त्याला वाटते. या शंकेचे उत्तर मोठे मनोरंजक आहे.

शाळा सुटल्याची घंटा झाली, की काय होते ते आठवावे. सर्व मुले एकदम दाराकडे धावली, तर दारात रेटारेटी होते, कोणी अडखळतो आणि सर्वच खोळंबतात. तीच मुले रांगेने, सारख्या पावलांनी चालली, तर वर्ग लवकर रिकामा होतो. धावणाऱ्यांपेक्षा चालणारे आधी बाहेर पडतात. रस्त्यावरही असेच घडते.

याचा पडताळा जपानमधील शास्त्रज्ञांनी पाहिला. त्यांनी २३० मीटर लांबीच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ठेवल्या आणि सर्व चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने चालत राहण्यास सांगितले. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या मार्गावर वळण, खड्डा, चौक असे काहीच नव्हते. तरी थोड्याच वेळात काही मोटारी थबकू लागल्या. एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने त्याहून जोरात लावला, त्याच्या मागचा तर थांबलाच. पुढची मोटार सुटेपर्यंत मागे दुसरी येऊन अडकत असे. अशा रीतीने थांबण्याची एक लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट दिशेने, मागे मागे सरकत गेली. अपघात नाही, अडथळा नाही, तरीही वाहतूक तुंबली. महामार्गावर अर्धा तास खोळंबून पुढे गेल्यावर कित्येकदा तुंबण्याचे काहीच कारण दिसत नाही. ते याच लाटेमुळे.

ही लाट टाळण्याचा हिशोब सोपा आहे. पुढचे वाहन एखाद्या खुणेवरून गेल्यानंतर मागच्या वाहनाने त्या खुणेवर निदान दोन सेकंदांनी यावे, असा सुरक्षित अंतराचा नियम आहे. तासात ३,६०० सेकंद असतात. म्हणजे रस्त्याच्या एका पदरातून तासाला सुमारे १,८०० वाहने जाऊ शकतात. या हिशोबात वेगाचा उल्लेख कोठेच आला नाही, हे लक्षात घ्यावे. सर्वजण ९० च्या वेगाने गेले काय आणि ६० च्या वेगाने गेले काय, दर तासाला पार होणाऱ्या वाहनांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. फरक पडतो तो अंतरात. ९० च्या वेगाला दोन सेकंदांचे अंतर राखण्यास ५० मीटर लागतात, तर ६० च्या वेगाला ३३ मीटर पुरतात. गर्दी झाली, की वाहनांमधील अंतर आपोआप कमी होते. ते ३३ मीटरांवर आले असता जो ९० च्या वेगाने जाऊ पाहतो, त्याला वारंवार जोराने ब्रेक लावावा लागतो आणि तो ती लाट निर्माण करतो. सर्वांनी ६० चा वेग धरला, तर लाट सहसा उठत नाही. पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात त्यांची पाच मिनिटे अधिक जातील. परंतु वाहतूक तुंबली, तर त्यांचा अर्धा तास जाईल.

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडवून आणतात? लंडन शहराभोवती कड्याप्रमाणे फिरणारा एम २५ नावाचा महामार्ग आहे. त्याच्या अत्यंत गर्दीच्या भागावर १९९५ साली बदलती वेगमर्यादा लागू झाली. या योजनेचे तीन अवयव सांगता येतील. पहिला अवयव म्हणजे रस्त्याची ज्ञानेंद्रिये. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात. त्यांवरून वाहन गेले, की त्याची नोंद होते आणि किती वाहने कोणत्या वेगाने जात आहेत, ते कळते. दुसरा अवयव म्हणजे मेंदू. ही सर्व माहिती नियंत्रण कक्षातील संगणकाकडे जाते. गर्दी ठराविक प्रमाणापलीकडे वाढली, की रस्ता तुंबण्यापूर्वीच तो मर्यादा खाली आणतो. तिसरा अवयव म्हणजे वाणी. रस्त्यावर आडव्या उभारलेल्या कमानीवर प्रत्येक पदराच्या डोक्यावर दिव्यांची पाटी असते. तीवर तांबड्या वर्तुळात आकडा उजळतो. ताशी ७० मैलांची नेहमीची मर्यादा ६०, ५० किंवा ४० वर येते. ती एकदम खाली आणीत नाहीत, पायरीपायरीने आणतात, कारण वेगात अकस्मात केलेली घटही धोक्याचीच ठरते. कमानीवरील कॅमेरा मर्यादा मोडणाऱ्याची नोंद करतो. या योजनेनंतर त्या भागात दुखापतीचे अपघात कमी झाले व वाहतूक अधिक संथ लयीत वाहू लागली.

त्या आकड्याभोवतीचे तांबडे वर्तुळ महत्त्वाचे आहे. रस्त्यावरील चिन्हांची एक भाषा असते. तांबड्या कडांचा त्रिकोण सावध करतो. निळा आयत माहिती देतो. तांबड्या कडेचे वर्तुळ मात्र आज्ञा करते. ती आज्ञा मोडली, तर दंड होतो. मग येथे आज्ञाच कशासाठी, सूचना का पुरत नाही? कारण सूचना काहीजण मानतात, काहीजण मानीत नाहीत. ज्याने मानली तो ६० ने जाईल, ज्याने मानली नाही तो ९० ने येऊन त्याच्या पाठीवर आदळेल. सर्वांचा वेग सारखा असण्यातच या योजनेचे सामर्थ्य आहे. शिस्त अर्ध्या लोकांनी पाळली, तर तिचा अर्धा लाभ मिळतो, असे नाही. कधी कधी उलट हानी होते.

आपल्या देशात ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किलोमीटरांच्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात दाट धुके पडते. तेथे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात मोटारींची मर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरांवर आणि अवजड वाहनांची ६० किलोमीटरांवर आणण्याचा उपाय योजला गेला आहे. हीदेखील बदलती वेगमर्यादाच होय, परंतु ती पंचांग पाहून बदलते. धुके तर पंचांग पाहत नाही. १४ डिसेंबरला दाट धुके पडू शकते आणि जानेवारीतील एखाद्या दुपारी लख्ख ऊनही पडते. म्हणून हवा व गर्दी त्या त्या क्षणी मोजून बदलणारी पाटी अधिक उपयोगी पडते.

मात्र अशा पाटीने सत्य बोलले पाहिजे. धुके विरून दोन तास झाले, रस्ता रिकामा झाला, तरी पाटीवर ४० चाच आकडा राहिला, तर चालक तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. मग खरे धुके पडले, तरी कोणी तिचे ऐकत नाही. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडणाऱ्या मुलाची जी गत झाली, तीच त्या पाटीची होते. लोकांनी नियमाचा मान राखावा, असे वाटत असेल, तर नियम करणाऱ्यानेही लोकांच्या विश्वासाचा मान राखला पाहिजे.

शहापूर व मुरबाड भागांतील रस्त्यांना या विचाराची विशेष गरज आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो. तो बंदिस्त मार्ग आहे. त्यावर गुरे किंवा पादचारी यांनी येऊ नये, अशी त्याची रचना आहे. जुन्या रस्त्यांचे तसे नाही. त्यांच्या एका बाजूस घर, तर दुसऱ्या बाजूस शेत असते. एका बाजूस पाडा, तर दुसऱ्या बाजूस शाळा असते. पौष महिन्यात मुरबाड तालुक्यात म्हसा येथे मोठी यात्रा व गुरांचा बाजार भरतो, तेव्हा तिकडच्या रस्त्यांवर माणसे, बैल आणि वाहने एकत्र चालतात. अशा रस्त्याची प्रकृती आठवड्यागणिक नव्हे, तासागणिक बदलते. रात्री दोन वाजता शाळेसमोरचा रस्ता निर्मनुष्य असतो. सकाळी शाळा भरताना त्याच ठिकाणी दप्तरे पाठीवर घेतलेली शंभर मुले रस्ता ओलांडत असतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी शाळेजवळची मर्यादा ताशी ४० किलोमीटरांवर येते. पादचाऱ्याला वाहनाची धडक बसली, तर वाहनाचा वेग जितका अधिक, तितकी त्याच्या जगण्याची आशा झपाट्याने मावळते. शाळेसमोर कमी केलेल्या वेगाने मोटारीतील माणसाचे अर्धे मिनिट खर्च होते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे सारे आयुष्य वाचते. या दोहोंचा व्यवहार तराजूत घालण्याची गरज नाही.

दिव्यांची पाटी, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष प्रत्येक रस्त्यावर असणे शक्य नाही. घाटातील प्रत्येक वळणावर पोलीसही उभा राहू शकत नाही. परंतु त्या यंत्रणेत जे तीन अवयव आहेत, ते प्रत्येक चालकापाशी निसर्गतःच आहेत. धुके, पाऊस व गर्दी पाहणारे डोळे त्याला आहेत, वेग ठरवणारी बुद्धी आहे आणि ब्रेकवर ठेवण्यासाठी पाय आहे. पाटीवरचा आकडा हा गाठण्यासाठी नसतो, तो ओलांडू नये यासाठी असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले पूर्वज सांगत आले. ज्या समाजाने चाकाला इतका वेग दिला, त्याने रस्ता पाहून वेग धरावा, एवढीच भर त्या म्हणीत घालावयाची आहे.

स्वाध्याय

१. बदलती वेगमर्यादा म्हणजे काय? तिची गरज कोणत्या तीन कारणांनी भासते?
२. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात किती मीटर जाईल? दोन सेकंदांचे अंतर राखण्यास तिला किती मीटर लागतील?
३. ‘धावणाऱ्यांपेक्षा चालणारे आधी बाहेर पडतात.’ हे वाक्य रस्त्यावरील वाहतुकीला कसे लागू पडते, ते स्पष्ट करा.
४. वेगमर्यादेची पाटी ‘सत्य बोलली’ पाहिजे, असे का म्हटले आहे?
५. आपल्या शाळेसमोरील रस्त्यावर सकाळी व दुपारी पंधरा मिनिटे कोणकोणती वाहने जातात, ते शिक्षकांसमवेत शाळेच्या आवारातून पाहून नोंदवा. कोणत्या वेळी वेग कमी असावा, याविषयी दहा ओळी लिहा.